वजन कमी करायच्या ऑपरेशननंतर जेवायचं कसं: भूक परत यायच्या आत लावून घ्यायच्या सवयी

सगळ्यात आधी चमचा बदला. बाळाला भरवायला असतो ना तो छोटा चमचा आणि एक चटणीची वाटी, हे दोन्ही ऑपरेशनला जायच्या आधीच घरात काढून ठेवा, कारण घरी आल्यावर सवयीने हात मोठ्या चमच्याकडेच जातो आणि तो एक भरलेला चमचा म्हणजे त्या वेळी तुमचे तीन घास असतात.

मी डोंबिवलीला राहते, डिसेंबर २०२१ मध्ये माझी स्लीव्ह, म्हणजे जठर कापून लहान करायचं ऑपरेशन, झालं. तेव्हा वजन ११८ होतं, शुगर होती, बीपीची गोळी चालू होती आणि गुडघ्यांमुळे स्टेशनचा पूल चढताना दोनदा थांबायला लागायचं. आता ७६ च्या आसपास आहे. हे मी त्यांच्यासाठी लिहितेय ज्यांचं ऑपरेशन ठरलंय किंवा नुकतंच झालंय आणि ज्यांच्या घरी रोज वरण-भात, भाजी-पोळी, उसळ असलंच शिजतं. मला डाएटचा जो कागद मिळाला होता त्यात सगळं बरोबर होतं पण आपल्या कुकरमध्ये आणि कढईत त्यातलं काय बसतं ते मला हळूहळू शोधायला लागलं, ते तुम्हाला एका जागी मिळावं एवढीच इच्छा आहे. तुमच्या सर्जननी आणि डायटिशियननी जे सांगितलंय ते आधी, माझं त्याच्यानंतर. प्रत्येकाचे आठवडे थोडे वेगळे असतात.

पोटात नेमकं काय झालेलं असतं ते समजून घ्या, म्हणजे पुढचे नियम पाठ करायला लागत नाहीत. स्लीव्हमध्ये जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग कापून काढतात आणि केळ्यासारखी एक अरुंद नळी उरते. जो भाग जातो त्यातच भूक लागल्याचा निरोप मेंदूला देणारं घ्रेलिन नावाचं हार्मोन जास्त तयार होत असतं, म्हणून सुरुवातीला भूकच लागत नाही. बायपास हा वजनाच्या ऑपरेशनचा दुसरा प्रकार, हृदयाचा बायपास नव्हे, त्यात जठराच्या वरच्या बाजूला छोटीशी पिशवी बनवतात, साधारण ३० मिलिलिटरची, आणि ती थेट पुढच्या आतड्याला जोडतात, त्यामुळे खाणं कमी जातंच पण लोह, कॅल्शियम, बी १२ असल्या गोष्टी शोषल्या पण कमी जातात. दोन्हीत एक गोष्ट सारखीच आहे, ती म्हणजे ऑपरेशन पोटाचं होतं, सवयींचं होत नाही. टीव्हीसमोर बसल्यावर हात डब्याकडे जायचा तो जातोच, चिडचिड झाली की गोड हवं वाटायचं ते वाटतंच, फक्त पहिलं वर्ष सव्वा वर्ष भूक इतकी शांत असते की तुम्ही त्या सवयींना नाही म्हणू शकता. नंतर भूक परत येते. सगळ्यांचीच कमी जास्त येते. म्हणून खालचं सगळं पहिल्या वर्षातच अंगवळणी पाडून घ्या, मी हे अगदी कळकळीने सांगतेय.

पहिले सहा आठवडे, आपल्या स्वयंपाकघरातून

पहिले एक दोन दिवस हॉस्पिटलमध्येच जातात आणि तिथे पाण्याचे घोट मोजून देतात. मग साधारण दोन आठवडे पातळ. पातळ म्हणजे आधी आरपार दिसेल असं आणि मग हळूहळू दूध, ताक वगैरे. आपल्याकडे आजारी माणसासाठी जे जे करायची पद्धत होती ते सगळं इथे कामाला येतं: वरण निवळल्यावर वर येतं ते पाणी, मुगाचं कढण गाळून, टोमॅटोचं सार गाळून आणि तिखट न घालता, आमसुलाचं सार, जिरं-मीठ घातलेलं पातळ ताक. चिकन खात असाल तर हाडांचं पातळ सूप, वरचा तेलाचा तवंग काढून. नारळपाणी थोडं चालतं. कढण करताना मूग चांगले मऊ शिजवून घोटा आणि मग बारीक गाळणीने दोनदा गाळा, एक सालपट राहिलं तरी त्या दिवसांत त्रास होतो.

पिण्याचं प्रमाण दिवसाला दीड लिटरच्या पुढे जायला हवं आणि तेच सगळ्यात अवघड जातं, कारण एका वेळी दोन घोटांच्या वर जात नाही. मी छोट्या औषधाच्या कपात ३० मिलिलिटर ओतून ठेवायचे आणि दहा पंधरा मिनिटांत एक कप संपवायचे, उठल्यापासून झोपेपर्यंत हेच काम. पाणी कमी पडलं तर चक्कर येते, लघवी पिवळी होते, डोकं दुखतं, आणि पहिल्या महिन्यात लोक परत ॲडमिट होतात त्याचं हे एक मोठं कारण असतं. स्ट्रॉ वापरू नका असं बहुतेक ठिकाणी सांगतात, हवा आत जाऊन पोट फुगतं म्हणून. सोडा आणि कोल्ड्रिंक तर पूर्णच बंद.

तिसऱ्या चौथ्या आठवड्यात मिक्सरमधलं. घट्ट वरण मिक्सरला फिरवून, घरचं मऊ पनीर ताकात कुस्करून, दह्याचा चक्का, उकडलेलं अंडं थोड्या दह्याबरोबर फिरवून, दुधी किंवा लाल भोपळा शिजवून गाळून. नाचणीचं सत्व चालतं पण त्यात साखर गूळ नको आणि नुसत्या सत्वावर राहू नका, त्यात प्रोटीन फारसं नसतं. माझ्या सासूबाई रोज प्रेमाने सत्व करून द्यायच्या, मी आठवडाभर तेच पीत राहिले आणि मग अंगात ताकदच राहिली नाही तेव्हा डायटिशियननी विचारलं, दिवसाला प्रोटीन किती जातंय? हिशोब केला तर २० ग्रॅम पण होत नव्हतं.

पाचव्या सहाव्या आठवड्यापासून मऊ. मुगाचं धिरडं (जाळीदार, कुरकुरीत न करता), अंड्याची ओलसर भुर्जी, मऊ उकडलेला मासा, काटे नीट बघून, मूगडाळीची जास्त डाळ आणि कमी तांदळाची खिचडी, मेतकूट घालून मऊ भात अगदी दोन चमचे, पातळसर पिठलं. पिठल्याने मला खूप साथ दिली, बेसनात प्रोटीन बरं असतं आणि गिळायला सोपं जातं, फक्त फोडणीचं तेल कमी ठेवा आणि मिरची बेताने. काहींना बेसनाने गॅस होतो, त्यांनी मुगाच्या पिठाचं करून बघावं. एक नवा पदार्थ एका दिवशी, तोही दुपारी, म्हणजे सोसला नाही तर कशाने झालं ते कळतं आणि रात्र बिघडत नाही.

दूध आधी पचत होतं आणि आता पोटात गुडगुडतंय, जुलाब होतायत असं काही जणांचं होतं, विशेषतः बायपासनंतर. तेव्हा ताक, दही, पनीर सोसतं का बघा, बऱ्याचदा सोसतं.

घास कसा घ्यायचा

घास सुपारीपेक्षा लहान. तोंडात अगदी लापशी होईपर्यंत चावायचा, वीस पंचवीस वेळा तरी, मग गिळायचा, मग चमचा खाली ठेवायचा. खरंच खाली ठेवायचा, हातात धरून बसलात की पुढचा घास आपोआप भरला जातो. जेवण वीस ते तीस मिनिटं. जेवताना फोन नको, टीव्ही नको, आणि पहिले काही महिने भांडणाचे विषय पण नकोत, कारण बोलण्याच्या नादात न चावता गिळलं जातं.

पोट भरल्याची जुनी खूण विसरा. आधी आपल्याला कळायचं ते कमरेचा नाडा घट्ट झाला की. आता खूण वर असते, छातीच्या मधल्या हाडाखाली एक दाब जाणवतो, कोणाला उचकी येते, कोणाला एकदम नाकातून पाणी यायला लागतं, मला एक शिंक यायची. तिथेच थांबायचं. त्याच्या पुढचा एक घास सुद्धा नाही. वाटीत दोन चमचे उरलेत, टाकायचे कशाला, हा विचार आपल्या रक्तातच आहे, अन्न टाकणं पाप असंच शिकलोय आपण, त्यामुळे यावर उपाय एकच की वाढून घेतानाच कमी घ्या. कमी घेऊन परत घेता येतं, उरलेलं मात्र पोटात ढकललं जातं.

आता अडकण्याबद्दल सांगते कारण हे कोणी नीट सांगत नाही आणि पहिल्यांदा होतं तेव्हा माणूस घाबरतो. माझं तिसऱ्या महिन्यात झालं, गरम गरम मऊ पोळी होती, तव्यावरून उतरलेली, दोनच घास खाल्ले पण भुकेपेक्षा वासाने खाल्ले, पटापट. एकदम छातीत काहीतरी बसल्यासारखं झालं, तोंडाला पाणी सुटायला लागलं, फेसासारखी लाळ, आणि वाटलं आता हार्टचं काही आहे का काय. तसं नसतं, घास अरुंद जागेत बसलेला असतो. त्या वेळी वरून पाणी पिऊन ढकलू नका, पाणी पण वरच अडतं आणि जास्त त्रास होतो. खाणं थांबवा, उभं राहा, घरातल्या घरात हळू चाला, लाळ थुंकत राहा, बहुतेक वेळा थोड्या वेळात उतरतं किंवा उलटून पडतं. मग त्या दिवशी पुढे नुसतं पातळ. पण उतरलंच नाही, पाणी पण राहत नाहीये, किंवा पोटात जोरात दुखतंय, ताप आहे, नाडी खूप जलद चालतीये, तर घरी बसू नका, लगेच डॉक्टरकडे.

मऊ पोळी आणि ब्रेड अडकतात कारण त्यांचा लाळेबरोबर कणकेसारखा गोळा होतो. विचित्र वाटेल पण मला ज्वारीची भाकरी पोळीच्या आधी जमायला लागली, ती तोंडात मोकळी होते. तीही चतकोराचा चतकोर. मोकळा सुटसुटीत भात, कोरडं पडलेलं चिकन ब्रेस्ट, शेवग्याच्या शेंगेच्या शिरा, जून गवार, संत्र्याच्या फोडीची साल, मक्याचे दाणे, मोठा नारळाचा कीस, हे सगळं उशिरा आणि सांभाळून. चिकन खायचं तर रश्श्यात मऊ शिजवलेलं, खिमा सगळ्यात सोपा.

पाणी पानाजवळ ठेवू नका

आपल्याकडे पान वाढलं की शेजारी तांब्या भांडं आलंच, आणि घास लागला की पाणी, जेवण झालं की पाणी. हे मोडायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. जेवताना पाणी नाही आणि जेवणानंतर अर्धा तास नाही, जेवायच्या आधीही पंधरा वीस मिनिटं थांबा. कारण साधं आहे, जागा थोडी आहे, ती पाण्याने भरली तर अन्न जात नाही, आणि नंतर पाणी प्यायलात तर अन्न पातळ होऊन लवकर खाली सरकतं आणि तासाभरात परत काहीतरी खावंसं वाटतं. याच कारणाने तीन चार महिन्यांनंतर पातळ आमटी-भात कालवून खाण्यापेक्षा घट्ट वरण, सुकी उसळ, पनीर असं खाल्लेलं जास्त वेळ टिकतं. मी ऑफिसच्या डब्याबरोबर बाटली ठेवतच नाही, ती टेबलाच्या ड्रॉवरमध्ये, आणि फोनवर अर्ध्या तासाचा अलार्म लावते. लोकलमध्ये मात्र सतत एक एक घोट, सव्वा तासाच्या प्रवासात पाव लिटर सहज जातं.

पान उलटं वाढायचं

आपल्या जेवणाचा कणा म्हणजे पोळी आणि भात, बाकी सगळं तोंडी लावायला. आता उलट करायचं. आधी प्रोटीन, मग भाजी, आणि जागा उरली तर दोन घास भाकरी किंवा भात. बहुतेक वेळा जागा उरत नाही, आणि ते बरोबरच आहे.

दिवसाला किमान ६० ते ८० ग्रॅम प्रोटीन लागतं, काहींना जास्त, ते तुमचे डॉक्टर सांगतील. प्रोटीन कमी पडलं की वजनाबरोबर स्नायू पण जातात, थकवा येतो, केस जास्त गळतात. शाकाहारी घरात हा आकडा गाठणं सोपं नाहीये म्हणून मी माझ्या दिवसाचा हिशोब सांगते, अंदाजे धरा. एका अंड्यात ६ ग्रॅम. ५० ग्रॅम पनीरमध्ये ९. एक कप दुधात ६ च्या आसपास. वाटीभर घट्ट वरणात पाच सहाच, आपण डाळीला फार प्रोटीनवाली समजतो पण शिजल्यावर त्यात पाणीच जास्त असतं. १०० ग्रॅम चक्क्यात आठ नऊ. २५ ग्रॅम सुक्या सोया चंक्समध्ये १३, ते भिजवून घट्ट पिळून बारीक करून खिम्यासारखे केले तर सोसतात. ५० ग्रॅम शिजवलेल्या माशात किंवा चिकनमध्ये ११ ते १३. आणि व्हे प्रोटीनच्या (दुधापासून केलेली प्रोटीन पावडर) एका स्कूपमध्ये साधारण २० ते २५, डब्यावर लिहिलेलं वाचा, साखर किती आहे तेही बघा. माझा दिवस असा असायचा: सकाळी पावडर ताकात किंवा पातळ दुधात, दोन हप्त्यात, दहा वाजता एक अंडं, दुपारी पनीर आणि थोडी भाजी, चार वाजता चक्का जिरेपूड मीठ घालून, रात्री वरण किंवा मासा. पावडरीचा वास नकोसा होतो, ऑपरेशननंतर वास आणि चव दोन्ही बदलतात, आवडती गोष्ट पण नको होते, तेव्हा मोठा डबा घेऊ नका, आधी छोटं पाकीट आणा.

चक्का आपल्या घरोघरी श्रीखंडासाठी बांधला जातो, तोच आता रोज लागणार आहे. रात्री दही पातळ फडक्यात बांधून फ्रिजमध्ये चाळणीवर ठेवा, सकाळी तयार. त्यात काकडी किसून पिळून, कोथिंबीर, मीठ, किंवा लसणीची चटणी अगदी नखभर. मला वाटतं या एका पदार्थाने माझं पहिलं वर्ष निभावलं.

उपासाचं काय हा प्रश्न मला प्रत्येक जण विचारतं. साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च, प्रोटीन नाहीच म्हणायला हरकत नाही, शिवाय खिचडी चिकट होऊन अडकते आणि तुपात दाण्याच्या कुटात कॅलरी भरपूर. पहिलं वर्षभर उपास करू नका असं माझं स्पष्ट मत आहे, आजारी माणसाला उपासातून सूट आपल्या परंपरेतच आहे. नंतर करायचाच असेल तर दही, दूध, पनीर, राजगिऱ्याचं पातळ, थोडी भगर ताकाबरोबर असा करा, आणि निर्जळी कधीच नाही, हरतालिकेला सुद्धा नाही.

गोड, आणि सहज उतरणारे पदार्थ

बायपासवाल्यांनी हे नीट वाचा. जास्त साखर खाल्ली की ती न थांबता आतड्यात जाते आणि मग दहा मिनिटं ते अर्ध्या तासात छाती धडधडते, घाम सुटतो, पोटात कळा येतात, जुलाब होतात, आडवं पडायला लागतं. याला डंपिंग म्हणतात. दुसरा प्रकार एक ते तीन तासांनी येतो, त्यात रक्तातली साखर एकदम खाली जाते, हात थरथरतात, डोळ्यापुढे अंधारी येते. स्लीव्हमध्ये हे कमी होतं पण होत नाही असं नाही, मला एकदा बासुंदीच्या अर्ध्या वाटीने झालंय. असं वारंवार होत असेल तर डॉक्टरांना सांगा, आणि गाडी चालवत असाल तर आवर्जून सांगा.

पण मला जास्त काळजी वाटते ती त्रास न देणाऱ्या गोष्टींची. चहात बुडवलेलं बिस्कीट, खारी, बटर, पातळ पोह्यांचा चिवडा, शेव, आईस्क्रीम, मिल्कशेक, उसाचा रस. हे कुठेच अडकत नाहीत, दाब येत नाही, उचकी येत नाही, सरसर उतरतात आणि पोट भरल्याची खूण कधी मिळतच नाही. ज्या माणसाला अर्धी वाटी उसळ जात नाही तो संध्याकाळभर चहाबरोबर सात आठ बिस्किटं सहज संपवतो. वजन परत चढायला लागतं ते बऱ्याचदा इथून, पंगतीतून नाही. म्हणून चहा घ्या, बिस्कीट नको, आणि चहा जेवणाला लागून नको. खाण्याच्या वेळा ठरवून ठेवा, पाच किंवा सहा, त्यामधलं जे काही तोंडात जाईल ते एका वहीत लिहा. मी अजून लिहिते.

दारू पूर्ण बंदच ठेवा, कमीत कमी पहिलं वर्ष. बायपास आणि स्लीव्ह दोन्हीनंतर ती फार लवकर चढते आणि व्यसन लागायचा धोका पण वाढतो. सिगारेट तंबाखू तर अजिबात नाही, शिवणीच्या जागी अल्सर होतो.

गोळ्या जेवणाचाच भाग आहेत

हे मी मुद्दाम जेवणाच्या लेखात लिहितेय कारण लोक वर्षभराने गोळ्या सोडतात, बरं वाटतंय म्हणून. या आयुष्यभराच्या आहेत. मल्टीव्हिटॅमिन, कॅल्शियम, व्हिटॅमिन डी, लोह, बी १२. कॅल्शियम दिवसाला १२०० ते १५०० मिलिग्रॅम लागतं पण एका वेळी ५०० ते ६०० च्या वर शरीर नीट घेत नाही म्हणून दोन तीन भागात, आणि सायट्रेटवालं घ्या, कारण कार्बोनेट पचायला पोटातलं ॲसिड लागतं आणि ते आता कमी आहे. लोह आणि कॅल्शियममध्ये कमीत कमी दोन तासांचं अंतर. लोहाची गोळी चहाबरोबर नको, चहा लोहाला अडवतो, लिंबूपाण्याबरोबर चालेल. पाळी चालू असलेल्या बायकांना लोह जास्त लागतं, साधारण ४५ ते ६० मिलिग्रॅम. बी १२ शाकाहारी माणसाचं आधीच कमी असतं, त्यामुळे गोळीने भागत नसेल तर इंजेक्शन. माझी वेळ अशी आहे, सकाळी लोह, दुपारी आणि रात्री कॅल्शियम, मल्टीव्हिटॅमिन दुपारच्या जेवणानंतर.

तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळतात. माझे इतके गळले की बाथरूमच्या जाळीवरून रोज गोळा करायला लागायचे आणि मी रडायचे. वजन भराभर उतरतं तेव्हा केसांची मुळं विश्रांती घेतात, त्याने होतं, प्रोटीन आणि लोह ठीक असेल तर परत येतात, माझे आले. भारी भारी तेलांवर पैसे घालू नका, आधी रक्त तपासा.

डोकं दुखलं, कंबर दुखली की मेडिकलमधून आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक घ्यायची सवय आपल्याकडे फार आहे. ती बंद. अल्सर होतो, बायपासमध्ये तर जास्तच. पॅरासिटामॉल चालते, बाकी विचारून. शुगर आणि बीपीच्या गोळ्यांचा डोस पहिल्याच दिवसांपासून बदलतो, जुना डोस तसाच घेत राहिलात तर शुगर धोक्याच्या खाली जाऊ शकते. लग्न झालेल्या मुलींनी लक्षात ठेवा, बारा ते अठरा महिने दिवस राहू देऊ नका, आणि बायपासनंतर गर्भनिरोधक गोळीवर विसंबू नका, डॉक्टरांशी दुसऱ्या उपायाबद्दल बोला.

आणि हे ठळक लक्षात ठेवा. काही दिवस सतत उलट्या होत असतील तर शरीरातलं व्हिटॅमिन बी १ संपतं, त्याचा साठा दोन तीन आठवड्यांचाच असतो. मग डोळ्यांना दोन दोन दिसणं, चालताना तोल जाणं, गोंधळल्यासारखं वागणं सुरू होतं आणि उशीर झाला तर मेंदूचं कायमचं नुकसान होतं. जवळच्या कुठल्याही हॉस्पिटलात गेलात तर सलाईन लावायच्या आधी सांगा की वजनाचं ऑपरेशन झालंय आणि उलट्या होतायत, बी १ द्यायला हवं का. घरच्यांना पण हे वाक्य शिकवून ठेवा, कारण तेव्हा तुम्ही बोलण्याच्या अवस्थेत असालच असं नाही.

आग्रह

आपल्याकडे प्रेम दाखवायची रीत म्हणजे वाढणं. सासूबाई म्हणायच्या, अगं एवढंसं खाऊन जगशील कशी, आणि त्यांच्या डोळ्यात खरंच पाणी असायचं. मी सुरुवातीला वाद घातला, मग एकदा त्यांना डायटिशियनकडे बरोबर घेऊन गेले. तिथे त्यांना ३० मिलिलिटरचा कप दाखवला, म्हणाल्या एवढ्यात तर तुळशीला पाणी पण पुरत नाही. त्या दिवसापासून माझ्यासाठी चक्का बांधायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं. तुमच्याही घरात जो कोणी सगळ्यात जास्त आग्रह करतो त्यालाच एक काम द्या, आग्रह आपोआप त्या कामात जातो.

लग्नात, मुंजीत, हळदीकुंकवाला ज्यांना ऑपरेशनबद्दल सांगायचं नाही त्यांना सांगू नका, तो तुमचा हक्क आहे. "पोटाचं ऑपरेशन झालंय, डॉक्टरांनी थोडंच सांगितलंय" एवढं पुरतं आणि ते खरंही आहे. निघायच्या आधी घरी प्रोटीन खाऊन घ्या. पंगतीत बसू नका, बुफेत छोटी बशी घ्या, त्यात पनीर, कोशिंबीर, एक भजं चवीला, आणि हातात बशी राहू द्या, रिकाम्या हाताच्या माणसाला लोक वाढतात. हॉटेलात मी आणि नवरा एक थाळी मागवतो, माझं वेगळं काही नाही, त्याच्यातलं पनीर आणि डाळ माझी. गणपतीत उकडीचा एक मोदक मी खाते, दुपारच्या जेवणाच्या जागी, हळूहळू, तूप न घालता, पहिल्या वर्षी अर्धाच खाल्ला होता. वर्षातून एकदा येणारी गोष्ट नाकारायला मी सांगणार नाही, पण दिवाळीचा फराळाचा डबा आठवडाभर ओट्यावर उघडा ठेवू नका, वाटून टाका.

भूक परत येते तेव्हा

माझी चौदाव्या महिन्यात आली. एका सकाळी पोटात कावळे ओरडले आणि मी इतकी घाबरले की ऑपरेशन फसलं असंच वाटलं. फसलेलं नव्हतं, हे होतंच. त्याच वेळी जेवण पण थोडं जास्त जायला लागतं, चटणीच्या वाटीवरून नेहमीच्या वाटीवर. दोन तीन वर्षांनी थोडं वजन परत येणं बऱ्याच जणांना होतं, माझं पण ७२ वरून ७६ झालं. तेव्हा लाजून डॉक्टरकडे जायचं टाळू नका, तिथेच माणसं हरवतात. मी वही काढली, तर चार वाजताची खारी परत सुरू झालेली, पाणी परत जेवणाबरोबर आलेलं, आणि प्रोटीन ४० वर घसरलेलं. मग पहिल्या महिन्याचा छोटा चमचा परत काढला, तो मी टाकला नव्हता, आणि पुढचे दोन आठवडे सगळं पहिल्यासारखं मोजून केलं.

रक्ताच्या तपासण्या तिसऱ्या, सहाव्या, बाराव्या महिन्यात आणि मग दरवर्षी: हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), बी १२, व्हिटॅमिन डी, कॅल्शियम, पीटीएच (कॅल्शियम सांभाळणारं हार्मोन), अल्ब्युमिन (रक्तातलं प्रोटीन), शुगर. मी माझ्या ऑपरेशनच्या तारखेलाच दर डिसेंबरला करते, म्हणजे विसरत नाही, आणि रिपोर्टबरोबर ती वही पण डॉक्टरांपुढे ठेवते.